टूट्स हिबर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमैकाचे गायक टूट्स हिबर्ट यांना जाऊन काही वर्षे झाली, तरी त्यांच्याविषयीचे प्रश्न थांबलेले नाहीत. त्यांच्या स्मृतिदिनाचा सप्टेंबर जवळ आला की ते वाढतातच. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दोन ठिकाणी सांगावी लागली असती, तेथे फक्त दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टूट्स हिबर्ट नेमके कोण होते?

फ्रेडरिक नॅथॅनियल हिबर्ट हे त्यांचे पूर्ण नाव. त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९४२ रोजी जमैकातील क्लॅरेंडन परगण्यातल्या मे पेन या गावी झाला. ‘टूट्स’ हे भावाने ठेवलेले लाडाचे नाव. आईवडील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि सात भावंडांत टूट्स सर्वांत धाकटे. त्यांचा गळा चर्चच्या समूहगायनात तयार झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले, तेव्हा ते किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत भावाकडे राहायला आले आणि केशकर्तनालयात काम करू लागले. तेथेच गाताना त्यांची ओळख हेन्री ‘रॅले’ गॉर्डन आणि नॅथॅनियल ‘जेरी’ मथायस यांच्याशी झाली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तिघांचा ‘द मेटल्स’ हा गट उभा राहिला. स्का, रॉकस्टेडी आणि रेगे या जमैकन संगीताच्या तिन्ही टप्प्यांत त्यांची गाणी पहिल्या रांगेत होती.

२. ‘मेटल्स’ म्हणजे हेवी मेटल वाजवणारे का?

नाही. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, म्हणून हा घोटाळा होतो. उच्चारात ‘मे’ हा महिन्याच्या नावासारखा लांब आहे. हे नाव मे पेन या जन्मगावावरून आले, असे बरेच जण मानतात. टूट्स स्वतः मात्र ते रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या बोलीतून आल्याचे आणि त्याचा अर्थ ‘योग्य ते करणे’ असा असल्याचे सांगत.

३. जमैका म्हणजे वेस्ट इंडीजमधलेच ना?

होय. मराठी वाचकाला किंग्स्टन बहुधा सबायना पार्क मैदानामुळे ठाऊक असते. फेब्रुवारी १९७१ मध्ये मडगावच्या दिलीप सरदेसाई यांनी तेथेच २१२ धावा काढल्या आणि अजित वाडेकरांच्या संघाच्या ऐतिहासिक मालिकेची सुरुवात झाली. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. मेटल्सची पहिली ध्वनिमुद्रिते त्यानंतरच्या वर्षभरातली आहेत. नव्या देशाला स्वतःचा आवाज हवा होता आणि तो सरकारी बँडपेक्षा ट्रेंचटाउनसारख्या गरीब वस्त्यांतून मिळाला, हे लक्षात घेतले की पुढची बरीचशी उत्तरे सोपी होतात.

४. स्का, रॉकस्टेडी आणि रेगे यांतला फरक कानाने कसा ओळखायचा?

पायाने चार मात्रा मोजा आणि तोंडाने म्हणा: एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि. आता आकड्यांवर टाळी न देता प्रत्येक ‘नि’वर द्या. पहिल्या दोन आवर्तनांत हात चुकतो, तिसऱ्यात बसतो. त्या ‘नि’वर गिटार किंवा पियानोचा जो तुटक, कोरडा फटकारा येतो, तो तिन्ही प्रकारांचा कणा आहे. फरक आहे तो या कण्याभोवतीच्या मांडणीत.

स्का १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातला. त्याची लय द्रुत असते, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन पुढे असतात आणि बास गिटार चालल्यासारखे एकेक स्वर टाकत जाते. १९६६ च्या सुमारास लय उतरली, फुंकवाद्ये मागे सरली आणि बास गिटार मोकळ्या जागा सोडत स्वतःची धून वाजवू लागले, हा रॉकस्टेडी. १९६८ च्या आसपास ऑर्गनचे बुडबुड्यांसारखे सूर आणि गिटारचा दुहेरी फटकारा आला आणि रेगे सुरू झाला. आरंभीचा रेगे रॉकस्टेडीहून जलद होता, ही गोष्ट अनेकांना चकवते, कारण ‘रेगे म्हणजे संथ’ ही आपली समजूत पुढच्या दशकातल्या गाण्यांवरून बनलेली आहे. त्या संथ रेगेत, वरचेच मोजमाप ठेवले तर, ड्रमचा जड ठोका ‘दोन’ आणि ‘चार’ यांवर पडतो आणि ‘एक’ मोकळा राहतो. आपल्याकडे सगळे समेवर येऊन भेटतात. येथे ड्रमवादक सम रिकामी सोडतो. रागदारीत कान तयार झालेल्या श्रोत्याला म्हणूनच हे संगीत सुरुवातीला अधांतरी वाटते.

५. ‘रेगे’ हा शब्द टूट्सनी शोधून काढला, हे खरे आहे का?

शब्द त्यांनी छापील तबकडीवर आणला, एवढे निश्चित म्हणता येते. १९६८ मध्ये निर्माते लेस्ली काँग यांच्यासाठी मेटल्सनी ‘डू द रेगे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाण्याच्या नावात आणि बोलांत हा शब्द वापरणारे ते पहिले ज्ञात गीत मानले जाते. तबकडीवरचे स्पेलिंगही आजच्याहून वेगळे आहे, म्हणजे तेव्हा शब्दाला ठरलेले रूपच नव्हते.

टूट्स सांगत ती हकिकत साधी आहे. किंग्स्टनच्या बोलीत गबाळ्या, विस्कटलेल्या व्यक्तीला ‘स्ट्रेगे’ म्हणत. मित्रांत बसून शब्दाशी खेळता खेळता ‘रेगे’ निघाला आणि त्यावर गाणे झाले. याला पूरक पुरावाही आहे: त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, निघालेल्या जमैकन इंग्रजीच्या कोशात ‘रेगे-रेगे’ हा शब्द चिंध्या, फाटके कपडे किंवा भांडण या अर्थांनी नोंदलेला आहे. म्हणजे शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून होता. टूट्सनी तो नाचाच्या तालाला चिकटवला आणि तो कायमचा चिकटला. फाटक्या कपड्यांवरून पडलेले नाव पुढे जगभर मिरवले गेले, यात मला तरी त्या वस्तीचा मिस्कीलपणा दिसतो.

६. मग रेगेचे जनक तेच म्हणायचे का?

नावाचे म्हणा, तालाचे म्हणू नका. शब्दाचा प्रश्न वर (५) संपला. ताल मात्र १९६८ मध्ये किंग्स्टनच्या अनेक स्टुडिओंत एकाच वेळी आकार घेत होता. पहिला रेगे म्हणून लॅरी मार्शल यांचे ‘नॅनी गोट’ किंवा बेल्टोन्स गटाचे ‘नो मोअर हार्टेक्स’ दाखवणारे जाणकार आहेत आणि त्यांची बाजू कमजोर नाही. वादकांचा वाटा तर नेहमीच विसरला जातो: मेटल्सच्या त्या काळातल्या गाण्यांमागे हक्स ब्राउन यांची गिटार, जॅकी जॅक्सन यांचे बास आणि पॉल डग्लस यांचे ड्रम आहेत.

७. त्यांचा आवाज ऐकून अमेरिकन सोल गायक आठवतो. हे अनुकरण आहे का?

‘सोल’ या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतातले गायक ओटिस रेडिंग यांच्याशी त्यांची तुलना आयुष्यभर होत राहिली आणि १९८८ मध्ये ‘टूट्स इन मेम्फिस’ हा सोल गीतांचा संग्रह काढून त्यांनी ती जणू मान्यही केली. पण दोघांच्या आवाजाचे मूळ एकच आहे: चर्च. एकाने ओळ फेकायची, बाकीच्यांनी ती झेलायची, शब्द संपले की हुंकार घ्यायचा आणि भरात आल्यावर ओरडायचेसुद्धा, ही शिस्त कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट चर्चमध्ये समुद्राच्या दोन्ही बाजूंना होती. टूट्सनी हा प्रार्थनेतला गळा जसाच्या तसा नाचाच्या संगीतात आणला, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण ‘रेगे’ या शब्दापेक्षा येथे अधिक आहे.

१९६३ मध्ये क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड यांच्या स्टुडिओ वनसाठी गायलेली पहिली गाणी पाहा. एकाचे नाव ‘हालेलुया’. दुसरे ‘सिक्स अँड सेव्हन बुक्स ऑफ मोझेस’, म्हणजे मोझेसचे सहावे व सातवे पुस्तक. बायबलमध्ये मोझेसच्या नावे पाचच पुस्तके आहेत; सहावे-सातवे म्हणून ओळखली जाते ती मंत्रतंत्राची पोथी, जी जमैकात ओबिया करणारे मांत्रिक बाळगत. धर्मोपदेशकाच्या घरातला मुलगा बायबलच्या पुस्तकांची यादी म्हणतो आणि तीच लय न मोडता त्या पोथीपर्यंत जातो. हे गाणे भक्तीचे की खट्याळपणाचे, हे ऐकणाऱ्याने ठरवावे.

८. ते बॉब मार्ली यांच्या आधीचे की नंतरचे?

वयाने टूट्स सुमारे सव्वादोन वर्षांनी मोठे, आणि स्टुडिओ वनमध्येही मेटल्स मार्लींच्या ‘वेलर्स’ या गटाच्या थोडे आधी पोहोचले. पुढे ख्रिस ब्लॅकवेल यांच्या आयलंड या कंपनीने दोघांनाही जगापुढे आणले. मार्ली जगभर घराघरांत पोहोचले आणि टूट्स तितके पोहोचले नाहीत, याचे एक कारण मला त्यांच्या विषयांत दिसते. मार्लींची गाणी क्रांतीची आणि मुक्तीची भाषा बोलतात, ती भिंतीवर लिहिता येते. टूट्सची गाणी शेजारच्या घरात घडतात.

‘स्वीट अँड डँडी’चेच उदाहरण घ्या. लग्नघर आहे, नवरी खोलीत रडते आहे, नवरदेव दुसऱ्या खोलीत अस्वस्थ आहे, वडीलधारी माणसे दोघांची समजूत काढत आहेत, बाहेर पाहुणे नाचत आहेत आणि केकला गेलेल्या एक पौंड दहा शिलिंगांचा हिशेबही गाण्यातच आहे. हे गीत १९६९ चे. त्याच वर्षी सप्टेंबरात जमैकातून पौंड गेला आणि डॉलर आला. जावयापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे रुसवेफुगवे पाहिलेल्या मराठी माणसाला या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

९. ते तुरुंगात का गेले होते?

१९६६ मध्ये, गट लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, गांजा बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि १८ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. आपल्याला अडकवण्यात आले, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. सुटून आल्यावर लेस्ली काँग यांच्याकडे त्यांनी ‘५४-४६ दॅट्स माय नंबर’ हे कैदी क्रमांकावरचे गीत केले. त्याच्या पुढच्या आवृत्तीत एक जागा लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे: टूट्स ‘एकदा द्या’ म्हणतात आणि एक हुंकार येतो, ‘दोनदा’ म्हणतात तेव्हा दोन, आणि असे चारपर्यंत. तुरुंगातली हजेरी आणि चर्चमधली साद-प्रतिसाद यांची ही गाठ आहे. हसूही येते आणि अंगावर काटाही.

येथे आपल्याशी जोडलेला एक धागा आहे. जमैकात या वनस्पतीला ‘गांजा’च म्हणतात, कारण हा शब्द भारतीय गिरमिट्या मजुरांबरोबर तेथे पोहोचला. त्यांचे पहिले जहाज मे १८४५ मध्ये ओल्ड हार्बर बे येथे लागले आणि त्यांना क्लॅरेंडनसह अनेक परगण्यांतल्या उसाच्या मळ्यांवर कामाला लावण्यात आले. ही माणसे बहुतांशी उत्तर भारतातली होती. त्यांत मराठी वाटा शोधण्याचा अट्टहास करू नये.

१०. ‘बम बम’ या गाण्याचा ‘बम बम भोले’शी संबंध आहे का?

हा प्रश्न विनोदाने विचारला जातो, पण बऱ्याच वेळा गंभीरपणेही. गांजाचा शब्द भारतातून गेला (९ पाहा) म्हणून हाही गेला असेल, असा तर्क त्यामागे असतो. तसे नाही. किंग्स्टनच्या बोलीत ‘बम बम’ म्हणजे गोंधळ, मराठीत ज्याला आपण राडा म्हणू तो. मी सज्जन आहे, पण मला डिवचाल तर राडा होईल, असा गाण्याचा आशय. जमैकाच्या स्वातंत्र्योत्सवातली गीतस्पर्धा १९६६ मध्ये प्रथम झाली आणि ती याच गाण्याने जिंकली. मेटल्सनी ती १९६९ मध्ये ‘स्वीट अँड डँडी’साठी आणि १९७२ मध्ये ‘पॉम्प्स अँड प्राइड’साठी पुन्हा जिंकली.

तरुण वाचकांना ‘बम बम’ म्हटल्यावर बहुधा जमैकन गायिका सिस्टर नॅन्सी यांचे १९८२ चे गीत आठवते. ते वेगळे गीत आहे, पण त्याचा पालुपदाचा धागा मेटल्सच्या गाण्याकडेच जातो.

११. ‘प्रेशर ड्रॉप’चा अर्थ काय? हवामानाचे गाणे आहे का?

हवेचा दाब उतरला की वादळ येते, हे बेटावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी अन्याय केला तर त्याच्याशी मारामारी करण्याऐवजी ‘तुझ्यावर दाब उतरेल’ एवढेच आपण म्हणत असू, असे टूट्सनी सांगितले आहे. थोडक्यात, हा तळतळाट आहे, पण नाचता येईल असा.

१२. ते चित्रपटात दिसतात, असे ऐकले. कोणत्या?

पेरी हेन्झेल दिग्दर्शित, जिमी क्लिफ यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘द हार्डर दे कम’ (१९७२) या चित्रपटात. खेड्यातून आलेला नायक स्टुडिओत डोकावतो तेव्हा आत मेटल्स ‘स्वीट अँड डँडी’ गात असतात. दृश्य छोटे आहे, पण मायक्रोफोनभोवती उभे असलेले तिघे आणि टूट्सच्या अंगात भिनलेला ताल त्यात जवळून पाहायला मिळतो. चित्रपटाच्या गीतसंग्रहात ‘प्रेशर ड्रॉप’ही आहे. जमैकाबाहेरच्या पुष्कळ लोकांनी रेगे प्रथम ऐकला तो याच संग्रहातून.

१३. इंग्लंडमधल्या पंक (बंडखोर, खडबडीत रॉक वाजवणाऱ्या) बँडनी त्यांची गाणी का घेतली?

कॅरिबियन स्थलांतरितांची मुले आणि गोरी कामगार मुले एकाच वस्तीत, एकाच नाचघरात वाढत होती. ‘मंकी मॅन’ १९७० मध्येच ब्रिटिश विक्रीयादीत पोहोचले होते. १९७९ मध्ये द क्लॅश यांनी ‘प्रेशर ड्रॉप’ आणि द स्पेशल्स यांनी ‘मंकी मॅन’ आपापल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केले. एमी वाइनहाऊस यांनीही पुढे ‘मंकी मॅन’ गायले. लंडनशी असलेल्या या नात्याची कमाल २९ सप्टेंबर १९८० रोजी झाली: हॅमरस्मिथ पॅले येथील मैफल ध्वनिमुद्रित करून, तबकड्या छापून, चोवीस तासांच्या आत विक्रीला आणली गेली.

१४. मैफलीत त्यांच्यावर बाटली फेकली गेली, ती घटना काय होती?

मे २०१३ मध्ये अमेरिकेतील रिचमंड, व्हर्जिनिया येथे कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून एका १९ वर्षांच्या मुलाने व्होडकाची बाटली भिरकावली आणि ती टूट्सच्या डोक्याला लागली. जखमेहून मानसिक धक्का मोठा होता. सत्तरी ओलांडलेला, आयुष्य रंगमंचावर काढलेला हा माणूस गर्दीला घाबरू लागला आणि २०१६ पर्यंत दौऱ्यांपासून दूर राहिला. तरीही त्यांनी न्यायाधीशांना पत्र लिहून त्या मुलाला कडक शिक्षा करू नये अशी विनंती केली. मुलाला सहा महिन्यांची कैद झाली. तुरुंग म्हणजे काय हे पत्र लिहिणाऱ्याला आतून माहीत होते (९ पाहा).

१५. ग्रॅमी एकदा मिळाला की दोनदा?

दोनदा, दोन्ही वेळा सर्वोत्कृष्ट रेगे संग्रहासाठी. पहिला ‘ट्रू लव्ह’ला: २००४ च्या या संग्रहात विली नेल्सन, एरिक क्लॅप्टन, बॉनी रेट, कीथ रिचर्ड्स यांच्यासोबत त्यांनी आपली जुनी गाणी पुन्हा गायली. दुसरा ‘गॉट टू बी टफ’ला, २०२१ मध्ये, म्हणजे मरणोत्तर, दोनऐवजी एक असे सांगितले जाते ते बहुधा यामुळे. २०१२ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ जमैका’ हा राष्ट्रीय सन्मानही मिळाला होता.

१६. त्यांचा मृत्यू कसा झाला?

‘गॉट टू बी टफ’ २८ ऑगस्ट २०२० रोजी आला. त्याच वर्षी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते स्वातंत्र्योत्सवाच्या गीतस्पर्धेतही पुन्हा उतरले होते. त्यानंतर कोविडची लक्षणे दिसू लागल्याने त्यांना किंग्स्टनच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये दाखल करण्यात आले आणि ११ सप्टेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. किंग्स्टनच्या नॅशनल हीरोज पार्कमध्ये त्यांचे दफन झाले.

१७. जुन्या तबकड्यांवर त्यांच्या गाण्यांखाली भलतीच नावे का दिसतात?

आरंभीची काही मुद्रिते ‘द व्हायकिंग्ज’ आणि ‘द फ्लेम्स’ या नावांनी बाजारात आली, म्हणून गायक वेगळा समजू नये. ‘टूट्स अँड द मेटल्स’ हे लांब नाव १९७० च्या दशकातले. संग्राहकांची दुसरी अडचण ‘फंकी किंग्स्टन’ या संग्रहाची: १९७३ चा ब्रिटिश आणि १९७५ चा अमेरिकन, अशा दोन आवृत्त्यांत गाणी सारखी नाहीत. विकत घेण्यापूर्वी गाण्यांची यादी तपासावी.

१८. मला रेगेतले काहीच कळत नाही. सुरुवात कोठून करू?

प्रथम ‘स्वीट अँड डँडी’, कारण त्यात गोष्ट आहे (८ पाहा). मग ‘५४-४६’ आणि ‘प्रेशर ड्रॉप’. त्यानंतर मागे जाऊन ‘हालेलुया’ ऐका, म्हणजे हाच गळा स्काच्या धावत्या लयीत कसा लागतो ते कळेल. शेवटी ‘कंट्री रोड्स’: जॉन डेन्व्हर यांचे हे अमेरिकन गीत टूट्सनी आपलेसे करताना ‘वेस्ट व्हर्जिनिया’च्या जागी ‘वेस्ट जमैका’ घातले आहे, आणि तेवढ्या एका बदलाने गाण्याचे गावच बदलते. मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यात बास ऐकू येत नाही, आणि या संगीतातले निम्मे बोलणे बासच करते.